कुंपणावरची सतरा आकडी

"अहो वहिनी, कपडे काय, मागाहूनही वाळतील. इकडे या आधी. आपल्या डोंबिवलीची एक भानगड कळलीय."

"कोणाची हो काकू? वरच्या मजल्यावरच्यांची?"

"छे! एका संख्येची. १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा आकडी. डावीकडून वाचा, उजवीकडून वाचा, तीच."

"मला वाटलं, कोणाचा तरी बँकेचा खाते क्रमांक फोडताय!"

"ऐका तर. नऊ वेळा १ लिहायचा आणि त्या संख्येचा वर्ग करायचा. गुणाकार मांडला की नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली, जिन्यासारखी. उभ्या बेरजा घेतल्या की कुठे एकच १, कुठे दोन, मधोमध नऊ. म्हणून ती नवापर्यंत चढते आणि परत उतरते."

"पण मोठ्यानं वाचायची कशी?"

"भास्कराचार्यांना विचारा! लीलावतीत अब्ज, खर्व, निखर्व अशी घरं दिलीत ना, त्यात हिचा पहिला १ बसतो 'मध्य'च्या घरात. त्याच्यावर परार्ध, की संपलीच यादी."

"आणि डोंबिवली कुठून आली यात?"

"कापरेकर मास्तरांमुळे. ६१७४ वाले हो, देवळालीच्या शाळेत शिकवायचे. अशा संख्यांचा अभ्यास करायचं त्यांना सुचलं ते आपल्या स्टेशनवर. जीआयपी रेल्वेच्या दिवसांत त्याला डेम्लो म्हणायचे, म्हणून ह्या डेम्लो संख्या. आपण दोघी इतकी वर्षं त्याच स्टेशनवर उभ्या राहिलो, आपल्याला काय सुचलं? लेडीज डबा कुठे लागतो, एवढंच."

वहिनी हसल्या. चिमटे पदरात टाकून भिंतीला टेकल्या. म्हणजे आता अर्ध्या तासाची निश्चिंती.

"तिच्या अंकांची बेरीज करा. ८१. आणि ८१ नं तिला नि:शेष भाग जातो. अंकांच्या बेरजेनं असा भाग गेला की ती हर्षद संख्या. हे नावही मास्तरांचंच."

"भागाकार किती येतो?"

"१२३४५६७९ चा वर्ग."

"काकू, आठ खाल्लात."

"मी नाही खाल्ला, तो मुळातच नाही! १२३४५६७९ ला नवानं गुणा, बरोबर नऊ वेळा १ येतो. आठ घालून गुणाल तर सगळा विचका. एवढी सतरा आकडी बाई, पण मूळ अवयव काढले तर घरात माणसं तीनच: ३, ३७ आणि ३३३६६७. वर्ग आहे, तेव्हा प्रत्येक जण सम वेळा येणार. ३ चार वेळा, बाकीचे दोघे दोन-दोनदा."

"मग दहा वेळा १ घेतला तर डोंगर आणखी उंच?"

"तिथंच तर घोडं पेंड खातं. मधल्या घरात बेरीज येते १०. शून्य मांडायचं, हातचा एक. तो डावीकडच्या नवात गेला की त्याचेही दहा, पुन्हा शून्य, पुन्हा हातचा एक. तो जातो आठाकडे आणि आठाचा होतो नऊ. झालं, डोंगर कोसळला. खोटं वाटत असेल तर लिहून घ्या: १२३४५६७९००९८७६५४३२१."

वहिनींनी पेपरच्या कडेला आकडे उतरवले, बोट ठेवून वाचले आणि ओरडल्या, "काकू, चढावरचा आठ इथंही गेला!"