साध्या बेताचे भाऊकाका

श्रावण सरत आला की आमच्या इमारतीतले भाऊकाका लिफ्टमध्ये, जिन्यात, दूधवाल्यापाशी, भेटेल तिथे एकच गोष्ट सांगू लागतात. "यंदा गणपतीला अगदी साधा बेत. फार काही करायचंच नाही." ऐकणाऱ्याला बरं वाटतं. काकूंचे गुडघे दुखतात, वयही झालंय. नवरा समजूतदार निघाला म्हणायचं. तेवढ्यात भाऊकाका त्याच दमात म्हणतात, "मग येताय ना जेवायला? सगळेच या. साधंच तर आहे!"

असा माणूस प्रत्येक घराण्यात एक असतोच. कुठे तो थोरला दीर असतो, कुठे निवृत्त मामा. काही घरांत थोरल्या वन्सं असतात. वन्सं जास्त धोकादायक, कारण त्यांना स्वयंपाक येतो. भाऊकाकांना तो येत नाही. ओट्याजवळ ते फक्त चहा तयार झाला का ते बघायला जातात. पण स्वयंपाकाबद्दल त्यांचं वाचन दांडगं आहे. कालनिर्णयच्या पानामागच्या पाककृती कात्रीने कापून त्यांनी एका जुन्या फायलीत लावून ठेवल्या आहेत. काकूंच्या लग्नात आलेली कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' कपाटात आहे, तीही तेच वाचतात. काकूंना ती कधी उघडावी लागत नाही. त्यातली मापं वाटी-चमच्यात दिलेली असल्यामुळे भाऊकाकांची अशी ठाम समजूत झालीय, की वाटी आणि चमचा घरात असला म्हणजे पदार्थ निम्मा झालाच.

काका मूळचे रत्नागिरीकडचे, आता नौपाड्यात दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. स्वयंपाकघरात दोन बायका एकदम वळल्या तर एकीला बाहेर यावं लागतं. एवढ्यात गौरीच्या दिवशी पंचवीस पानं. "टप्प्याटप्प्याने येतील गं सगळे," असं काका काकूंना सांगतात. सगळे साडेबाराला येतात.

त्यांचा बेत साध्याकडून सणाकडे कसा सरकतो, ते बघण्यासारखं असतं. गेल्या गौरीच्या आधी मी तिथे चहाला बसलो होतो. सुरुवात खरोखरच साध्यापासून झाली. मसालेभात, मठ्ठा आणि रव्याचा शिरा, एवढंच. ऐकून काकूंनीही मान डोलावली. खरं तर हा बेत उत्तम होता. तोंडल्यांचा मसालेभात एका पातेल्यात होतो, माणशी शंभर ग्रॅम तांदूळ धरले की अडीच किलोत भागतं, गोडा मसाला घरचा, वरून ओलं खोबरं-कोथिंबीर. कांदा-लसूण नाही, त्यामुळे चिरायचंही कमी. मठ्ठा सकाळीच करून ठेवता येतो. तिथे थांबले असते तर काकूंनी त्या दिवशी दुपारी पाठ टेकली असती.

"पण नैवेद्याला साधं वरण लागेलच ना," काका म्हणाले. लागेलच.

"मग कुकर लावतेसच. त्यात खाली डाळ, वरच्या डब्यात बटाटे. बटाट्याची भाजी आपोआप झाली." काकू म्हणाल्या, "हं."

"आणि कुकर दुसऱ्यांदा लावायचाच झाला, तर थोडी हरभऱ्याची डाळ. शिजायला काय, शिट्ट्या कुकर करतो. गौरीला पुरण नाही हे काही बरं दिसत नाही. पुरणच फक्त. पोळ्या नाही करायच्या." मग जरा थांबून, "आता पुरण आहेच, तर नैवेद्यापुरत्या पाच पोळ्या. आणि पाच लाटायच्या त्या पंचवीस. तवा तापलेलाच असतो ना! बरं, डाळीवरचं पाणी निघेल, ते का टाकायचं? कटाची आमटी. ती तर फुकटच."

म्हणजे मसालेभातापासून पुरणपोळी आणि कटाच्या आमटीपर्यंत काका चहा निवायच्या आत पोचले, आणि वाटेत एकही पदार्थ त्यांनी 'वाढवला' नव्हता. प्रत्येक जण आधीच्याच्या पोटातून बाहेर आला होता. पुढे भजी ("तेल तापवायचंच आहे पापडांना"), पंचामृत ("तीळ-दाण्याचं कूट आहेच"), काकडीची कोशिंबीर ("ती तर कच्चीच") आणि अळूची भाजी ("अळू कुंडीतलं आहे"). शिरा मात्र त्यांनी मोठ्या मनाने रद्द केला. "दोन दोन गोडं कशाला? साधं म्हणजे साधं."

त्यांचा आवडता दाखला म्हणजे ऋषिपंचमीची भाजी. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी काही खायचं नाही, म्हणून परसातल्या-माळावरच्या भाज्या. फोडणी नाही, गरम मसाला नाही, मिरची, चिंचेचा कोळ आणि मीठ. "आपल्या ऋषींनी बघा किती सोपं करून ठेवलंय," काका जेवता जेवता सांगतात. शिजवायला ती सोपी आहे, यात वादच नाही. पण त्यासाठी माठाचे देठ सोलावे लागतात, सुरण चिरावा लागतो, अळूची पानं आणि देठी निवडावी लागते, मक्याच्या कणसाचे तुकडे करावे लागतात. शिराळं, पडवळ, भोपळा आहेच. सुरणाने आणि अळूने हात खाजतात, म्हणून काकू आधी हाताला खोबरेल लावून बसतात. हे सगळं आदल्या दिवशी, म्हणजे चतुर्थीच्या मोदकांचा घोळ निस्तरल्यावर, रात्री साडेदहाला. ऋषी तेव्हा झोपलेले असतात. भाऊकाकाही.

काका काही करत नाहीत असं म्हटलं तर मात्र अन्याय होईल. बाजारहाट त्यांचा. जांभळी नाक्याच्या बाजारात ते पहाटे जातात, घासाघीस करतात आणि अर्ध्या भावात केळीची पानं आणली म्हणून दिवसभर सांगतात. कोथिंबीर विसरतात, ती आणायला पुन्हा जातात आणि दुसरी फेरी झाली म्हणून थकून पंख्याखाली बसतात. आणि वाढप! तिथे मात्र त्यांचा हात धरणारा कुणी नाही. मीठ कुठे, लिंबू कुठे, डाव्या बाजूला चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी, हे त्यांना झोपेतही चुकणार नाही. माझ्या पानात एकदा लिंबू उजवीकडे पडलं, तर त्यांनी ते दोन बोटांनी उचलून डावीकडे ठेवलं आणि पुढे गेले. बोलले नाहीत. पानावर आडवा हात धरून 'पुरे पुरे' म्हणणाऱ्यांतला खरा कोण आणि लाजरा कोण, हे त्यांना हाताच्या उंचीवरून कळतं. हात पानाला टेकला तर पोट भरलंय. वीतभर वर असेल तर आणखी एक पोळी. वर तुपाची धार धरतात ती अशी, की समोरच्याला आपण घरातलेच आहोत असं वाटावं. पंचवीस माणसं दरवर्षी येतात, ती काकूंच्या हातच्या पोळीसाठी येतात हे खरं, पण परत यावंसं वाटतं ते या धारेमुळेही.

यंदा घरात सून आली. ती कुठल्याशा कंपनीत प्रकल्पांचं वेळापत्रक बघते. सासऱ्यांनी चतुर्थीला "माणशी दोनच मोदक, उकडीचे, साधे" असं जाहीर केल्यावर तिने लॅपटॉप उघडला. पंचवीस माणसांचे पन्नास, नैवेद्याचे एकवीस, एकूण एकाहत्तर. एका मोठ्या नारळात दहा-अकरा मोदकांचं सारण होतं, म्हणजे सात नारळ खवायचे. एका मोदकाला दहा पाकळ्या धरल्या तर सातशे दहा चिमट्या. काकूंनी चाळीस वर्षं हा हिशेब कधी मांडला नव्हता. त्या चष्मा लावून पडद्याकडे बघत राहिल्या. पुढचा रकाना होता 'कोण करणार', आणि त्यात वरपासून खालपर्यंत 'आई' लिहिलं होतं.

"बाबा, बाहेरून मागवू या का? नगावर मिळतात," सून म्हणाली.

"छे छे! घरचं साधं असताना बाहेरचं कशाला?"

"बरं. मग उकड तुम्ही काढा. सोपी आहे ना. जेवढी पिठी तेवढं पाणी, दोनच जिन्नस." आणि तिने त्या चौकटीत 'बाबा' टाईप केलं.

काकांना नाही म्हणता येईना. चतुर्थीला सकाळी सोवळं नेसून ते ओट्याशी उभे राहिले. काकूंना सूनबाईने पाटावर बसवून खोबऱ्यात गूळ मोजायला दिला होता. आंबेमोहोराची पिठी काकांनी वाटीने मोजली, काठोकाठ, वर बोट फिरवून. पाण्याला उकळी आली, तूप घातलं, मीठ घातलं, पिठी वैरली, लाटण्याच्या टोकाने ढवळली, झाकण ठेवून वाफ आणली. इथवर पुस्तकात लिहिल्याप्रमाणे सगळं झालं. उकड गरम असतानाच मळायची असते, हेही पुस्तकात आहे. पण नेमका तेव्हा भावाचा गावाहून फोन आला, आणि काकांनी त्याला अर्धा तास यंदाचा बेत किती साधा आहे ते सांगितलं.

थंड उकड मळायला घेतली तर ती गुठळ्यांनी भरलेली. पारी करावी तर कडेला चिरा. काकांचा पहिला मोदक फुटून सारण बाहेर, दुसरा बसकण मारलेला, तिसऱ्याला नाकच नाही. बाराच्या सुमाराला काकू उठल्या. "सरका जरा." पाण्याचा हबका मारून, पुन्हा वाफ देऊन, तेलाच्या हाताने त्यांनी निम्मी उकड मळून मऊ केली आणि नैवेद्याचे एकवीस मोदक काढले, हळदीच्या पानावर, ओळीने. उरलेल्या उकडीत जिरं आणि हिरवी मिरची वाटून घातली, चपट्या थापल्या आणि मोदकपात्रातच उकडल्या. निवगऱ्या. वरून तेलाची धार.

पंगतीला पहिलं ताट निवगऱ्यांचं फिरलं. मुंबईहून आलेली मुलं त्यांवर तुटून पडली; त्यांतल्या बऱ्याच जणांनी तो पदार्थ पहिल्यांदाच खाल्ला असावा. मोदक प्रसादापुरताच आला. कुणाची तक्रार नव्हती.

भाऊकाका हातात तुपाचं भांडं घेऊन पंगतीत फिरत होते. माझ्यापाशी थांबून, आवाज खाली आणून म्हणाले, "पाहिलंत? लोकांना हेच आवडतं. मोदकांचं उगाच थोतांड. पुढच्या वर्षी फक्त निवगऱ्या. वळायचं नाही, पाकळ्या नाहीत, एकदम साधं." मग दोन पावलं पुढे जाऊन परत आले. "बरोबर एखादी चटणी लागेल म्हणा. आणि थोडी आमटी."