सव्वा लाखाची मूठ

'फॉर्मॅलिटी आहे हो,' म्हणत साहेब कागद पुढे सरकवतात. पेन्सिलीने फुल्या मारलेल्या असतात, तिथे तिथे सही करत जायचं. वाचायला लागलात की एचआरच्या मॅडम घड्याळाकडे बघतात. हा एनडीए, म्हणजे गुप्ततेचा करार. मसाल्याचं प्रमाण, ग्राहकांची यादी, बाजारात न आलेल्या औषधाचा फॉर्म्युला बाहेर फुटू नये म्हणून तो करतात. त्यात वावगं काही नाही. घाम गाळून मिळवलेलं दुसऱ्याने फुकटात का न्यावं?

पण मसाल्याच्या बरणीचं झाकण साहेबांनाही फिट्ट बसतं, हे वकिलांच्या लवकरच ध्यानात आलं.

1998 साली झेल्डा पर्किन्स लंडनमध्ये हॉलिवूडचा निर्माता हार्वे वाइनस्टीन याची सहायक होती. तिच्या एका सहकारी मुलीने त्याच्यावर बलात्काराच्या प्रयत्नाचा आरोप केला. दोघींनी नोकरी सोडली, वकील गाठले. वकिलांनी वाट दाखवली ती तडजोडीची. वाटाघाटींची एक बैठक तर पहाटे पाचपर्यंत चालली. अखेर पदरात पडले प्रत्येकी 1 लाख 25 हजार पौंड. आपल्या म्हणीतला सव्वा लाख विलायतेत असा पै न् पै जुळावा! मूठ मात्र घट्ट झाकायची. मानसोपचार घ्यायचे तर आधी त्या डॉक्टरनेही गुप्ततेची सही करायची. आणि हे सगळं ज्यात लिहिलं, त्या कराराची प्रत झेल्डाला ठेवू दिली नाही. काय बोलायचं नाही, तेसुद्धा तोंडपाठ! 2017 च्या ऑक्टोबरात तिने तोंड उघडलं.

अमेरिकेत 2016 साली पॉर्न अभिनेत्री स्टॉर्मी डॅनिएल्सने डोनाल्ड ट्रम्प यांच्याशी आलेल्या संबंधांबद्दल बोलू नये म्हणून ट्रम्प यांच्या वकिलाने 1 लाख 30 हजार डॉलर मोजले. करारात दोन्ही बाजूंना टोपणनावं, आणि ट्रम्प यांच्या सहीची जागा कोरी. पुढे वकिलाला ते पैसे परत करताना वहीत 'कायदेशीर खर्च' असं लिहिलं गेलं आणि त्या खोट्या नोंदींच्या 34 आरोपांत ट्रम्प 2024 साली दोषी ठरले. तोंड बंद ठेवायचा बंदोबस्त चोख होता. घात केला तो जमाखर्चाने.

आपला 1872 चा करार कायदाही बेकायदा हेतूने केलेला करार मानत नाही. पण ते सिद्ध करायला कोर्टात बोलावं लागतं, आणि न बोलण्याचीच तर सही झालेली!

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा सांगतो, बाईने मागितला तर समेट करा, पण पैशांवर नको. म्हणजे सव्वा लाखही गेले. तक्रारीचा तपशील जाहीर करायलाही मनाई. बाईचं नाव राखलंच पाहिजे, पण त्याच कलमाने साहेबांचंही नाव राखलं जातं. मग साहेब 'कौटुंबिक कारणास्तव' राजीनामा देतात, शाल-श्रीफळ घेतात. नव्या कंपनीने चौकशी केलीच, तर जुनी कंपनी लेखी कळवते: वर्तणूक उत्तम.