शहाळं, किवी आणि इतर नातेवाईक

मे महिन्यात मला कावीळ झाली. डोळे पिवळे पडल्याचं सगळ्यात आधी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याच्या लक्षात आलं. घरात कुणाला काही वेगळं वाटलं नव्हतं. भूक मेली होती, लघवी कोऱ्या चहासारखी व्हायची, फोडणीचा वास आला की पोट ढवळायचं. रक्त तपासलं. हिपॅटायटिस ए.

डॉक्टर म्हणाले, 'आराम करा. घरचं ताजं, जे जाईल ते खा. थोडं थोडं, पण खा. दारू बंद. मनाने एकही गोळी घेऊ नका. यकृत आपलं आपण सावरतं.'

दोन मिनिटांत संपलं. बाहेर आल्यावर बायको म्हणाली, 'एवढंच? पथ्य काहीच नाही?' पाचशे रुपये मोजून 'जे जाईल ते खा' ऐकायचं, हे तिला पटेना. पथ्य म्हणजे कसं, कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या पाहिजेत आणि शेवटी 'मागे पाहावे' असं लिहिलेलं पाहिजे.

तो कागद नातेवाइकांनी संध्याकाळपर्यंत भरून दिला.

*

पहिली आत्या. तिने आल्या आल्या हळदीचा डबा ओट्यावरून उचलून माळ्यावर टाकायला लावला. पिवळ्याने पिवळं वाढतं, हे तिचं शास्त्र. जुन्या तांबड्या पेशी मोडतात, त्यांतून बिलिरुबिन तयार होतं, सुजलेल्या यकृताला त्याचा निचरा जमत नाही, म्हणून माणूस पिवळा दिसतो. यात हळद कुठेच येत नाही, असं मी सांगून पाहिलं. 'तू आजारी आहेस, तुला काय कळतंय,' आत्या म्हणाली. त्या दिवसापासून घरात पांढरं वरण सुरू झालं. कावीळ मला आणि पंडुरोग वरणाला.

मग तेल गेलं, तूप गेलं, फोडणी गेली. मळमळत असताना तेलकट नको वाटतं, हे खरं. पण यकृताला सूज आली म्हणून घरातली सगळी स्निग्धता तडीपार करावी लागत नाही. उलट भूक मेलेल्या माणसाच्या पोटात जे चार घास जातात, त्यांत काही दम हवा. आत्याच्या तडीपारीला एकच अपवाद निघाला. संकष्टीला तुपात परतलेली, दाण्याचं कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी समोर आली.

'आत्या, तूप?'

'उपासाचं आहे.'

यकृताला पंचांग कळतं, हे मला त्या दिवशी समजलं.

*

मग मामा. काविळीवर उसाचा रस, हे महाराष्ट्रात राज्यघटनेत लिहिल्यासारखं आहे. मामा रोज थर्मास भरून गाड्यावरचा रस आणायचे. बर्फ घातलेला. आता हिपॅटायटिस ए येतो कुठून? रोग्याच्या विष्ठेतला विषाणू घाण पाण्यातून, त्या पाण्याच्या बर्फातून, न धुतलेल्या हातातून दुसऱ्याच्या तोंडात जातो. म्हणजे जिथे कावीळ मिळण्याची सोय, तिथेच तिचं औषधही. एक खिडकी योजना. मला त्यातून याच काविळीचा फारसा धोका नव्हता. ही कावीळ एकदा झाली की सहसा तीच पुन्हा होत नाही. धोका मामांना होता, आणि उरलेला रस तेच प्यायचे.

मामांनीच एका रविवारी मला 'कावीळ उतरवणाऱ्या'कडे नेलं. त्याने हाताला कसल्याशा झाडाचा रस चोळला आणि चुन्याच्या निवळीत हात बुडवायला सांगितले. पाणी पिवळंधमक. 'बघा, निघाली,' तो म्हणाला. मी म्हटलं, मामांचेही हात बुडवून बघा. तेही पाणी पिवळं. परत येताना मामा गप्प होते. आपल्यालाही कावीळ असणार, हा त्यांनी काढलेला निष्कर्ष.

*

शहाळ्यांची मोजदाद मी अकरानंतर सोडून दिली. शहाळं हे आजाऱ्यासाठी नसतं, आणणाऱ्यासाठी असतं. रिकाम्या हाताने जायचं नाही आणि काय न्यायचं ते सुचत नाही, या दोन अडचणींच्या मधोमध ते झाडाला लागतं. बायको म्हणाली, चार शहाळी वरच्या मजल्यावरच्या आजोबांना देऊ, त्यांचं डायलिसिस चालू आहे. आजोबांनी दारातूनच हात जोडले. 'अहो, मला मारायचा विचार आहे का?'

बरोबर होतं त्यांचं. शंभर मिलिलिटर शहाळ्याच्या पाण्यात दोनशे ते अडीचशे मिलिग्रॅमच्या घरात पोटॅशियम असतं. धडधाकट माणसाचं मूत्रपिंड ते सहज बाहेर टाकतं. ज्याचं मूत्रपिंड थकलं आहे त्याच्या रक्तात ते साठतं आणि हृदयाचा ठोका चुकवतं. दवाखान्याच्या फाटकावरच्या शहाळेवाल्याला आत कोणाचं काय बिघडलंय हे माहीत असायचं कारण नाही. आपल्यालाही ते विचारावंसं वाटत नाही.

ऑफिसातला सहकारी किवी घेऊन आला. सहा किवी, प्रत्येकावर स्टिकर, खाली जाळीदार गादी. आमच्याकडे पेशंटला झोपायला इतकी चांगली गादी नाही. 'किवीने प्लेटलेट वाढतात,' तो म्हणाला. मी म्हटलं, ते डेंग्यूचं, मला कावीळ आहे. 'असू दे, महाग आहे, काहीतरी वाढेलच.' डेंग्यूतही प्लेटलेट खाली जातात आणि बहुतेकांच्या ताप उतरल्यावर दोन-चार दिवसांत आपसूक चढतात. त्याच वेळी उशाशी जे फळ असेल, त्याला श्रेय मिळतं. किवी नशीबवान. पेरू असता तर त्याच्या नावावर जमा झालं असतं; पण पेरू चाळीस रुपये किलो, त्याच्यावर विश्वास कोण ठेवणार?

*

आणि येणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला: 'काल बाहेर काय खाल्लं होतंस?'

काल! हिपॅटायटिस एचा विषाणू पोटात गेल्यापासून आजार दिसेपर्यंत पंधरा ते पन्नास दिवस जातात, सरासरी अठ्ठावीस. बिचारी कालची इडली उगाच बदनाम. मी कॅलेंडर काढून अठ्ठावीस दिवस मागे मोजले. बोट थेट एप्रिलातल्या सोलापूरच्या लग्नावर गेलं. नेमकं सांगायचं तर लग्नावर नाही, परतीच्या एसटीवर.

निघताना मावशीने पिशवीत एक पुडकं कोंबलं होतं. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. कडक भाकरी म्हणजे पाण्याचा अंश उरू नये इतकी वाळवलेली पातळ भाकरी. जंतूंना वाढायला ओल लागते, ती हिच्यात नाही. खूप दिवस टिकते. प्रवासासाठी जुन्या बायकांनी जे जे केलं ते याच हिशेबाने: कोरडी चटणी, भडंग, तिखटमिठाच्या पुऱ्या. दशम्या दुधात भिजवायच्या कारण पाणी लागलं की सोवळं मोडायचं आणि दूध लागलं की मोडायचं नाही. धर्मातली पळवाट त्या काळी पोटातून जायची.

मी ते पुडकं उघडलं नाही. शेजारी लॅपटॉप मांडीवर घेतलेला तरुण बसला होता. त्याच्यासमोर कडकड आवाज करत भाकरी मोडायची मला लाज वाटली.

गाडी मग ठरलेल्या ढाब्यावर थांबली. एसटी कुठे थांबते हे प्रवाशांच्या भुकेवर ठरत नाही. चालक-वाहकांसाठी आत वेगळं टेबल होतं. आम्ही बाहेर. मी वडा घेतला. वड्यावर माझा आरोप नाही. उकळत्या तेलातून समोर निघालेला वडा प्रवासातला सगळ्यात सज्जन पदार्थ. त्याची संगत वाईट. सकाळपासून उघडी पडलेली हिरवी चटणी, चिरून ठेवलेला कांदा, आणि ज्यात दहा जणांची बोटं बुडून गेली तो पाण्याचा जग. नियम काही अवघड नाही: वाफ येत असलेलं खा, साल आपण सोलायचं फळ खा, उकळलेला चहा प्या, पाणी आपलं न्या. हा नियम मला पाठ होता. घरी मी तो मुलांना सांगतो.

घरी डाळीत खडा लागला तर ताट सरकवणारा माणूस गावाची वेस ओलांडली की एकदम उदार होतो. मधुमेहवाले लग्नात 'आज एक गोळी जास्त घेऊ' म्हणत जिलबीला हात घालतात. प्रवासात खाल्लेलं अंगी लागत नाही, अशी आपली समजूत. लागतं. फक्त अठ्ठावीस दिवसांनी लागतं.

*

त्याच गाडीत पुढच्या सीटवर एक लहान मुलगा सकाळपासून उलट्या-जुलाबांनी बेजार होता. वडिलांनी ढाब्यावरून नारिंगी रंगाचा गोड टेट्रापॅक आणला. 'ओआरएसच आहे, चवीचं.' चवीचं होतं, कारण त्यात साखर भरपूर होती. जुलाबात जास्त साखर उलट आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढवते. असल्या पेयांच्या नावातून 'ओआरएस' ही अक्षरं काढायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाला २०२५ चा ऑक्टोबर उजाडावा लागला.

खरं ओआरएस १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत कसोटीला उतरलं. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या माणसांमध्ये पटकी पसरली होती. जमिनीवर रांगेने रोगी आणि शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलेलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी एक लिटर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खायचा सोडा अशी पुडकी करून घेतली, द्रावण पिंपात भरलं आणि नातेवाइकांच्या हाती पेले दिले: पाजत राहा. तीस टक्क्यांच्या आसपास असलेला मृत्युदर चार टक्क्यांच्या आत आला. १९७८ मध्ये 'लॅन्सेट'ने या उपचाराची गणना शतकातल्या सगळ्यात मोलाच्या शोधांत केली. आपण महालनबीसांना पद्मविभूषण दिलं २०२३ मध्ये, ते गेल्यानंतर.

मीठ, साखर, पाणी आणि पेला धरणारा नातेवाईक. त्या नातेवाइकाने हळद माळ्यावर टाकली नाही, किवी आणली नाही. सांगितलं तेवढं घोटघोट पाजत बसला. आजही औषधाच्या दुकानात ओआरएसची पुडी वीसेक रुपयांना मिळते. अडचण तीच आहे. वीस रुपयांत माया दिसत नाही.

*

आपल्याला पथ्य नको असतं, प्रायश्चित्त हवं असतं. आजार म्हणजे काहीतरी पाप घडलंय. मग तेल सोडायचं, हळद सोडायची, महागाचं फळ वाहायचं, गंडा बांधल्यासारखा काढा प्यायचा. मऊ भात, मेतकूट, मुगाचं कढण यांत त्याग दिसत नाही आणि खर्चही दिसत नाही. पोटाला मात्र तेच मानवतं, कारण पोट अडाणी आहे. त्याला किंमत वाचता येत नाही.

या सगळ्या पाहुण्यांनी मिळून मला बावीस पदार्थ सांगितले आणि सतरा सोडायला लावले. दोन गोष्टी एकानेही विचारल्या नाहीत. पहिली, 'हात कुठे धुऊ?' येताना नाही, जातानाही नाही. मामा तर माझ्याच पेल्यातून रस चाखून 'गोड आहे' म्हणायचे. दुसरी, 'घरातल्या बाकीच्यांना लस दिली का?' हिपॅटायटिस एची लस मिळते. पण ती भेट म्हणून नेता येत नाही, तिला जाळीदार गादी नसते.

सहा आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासलं. बिलिरुबिन ठिकाणावर. आत्या उसाच्या रसाला श्रेय द्यायला तयार नाही, मामा पांढऱ्या वरणाला. किवीचं श्रेय सहकाऱ्याने ऑफिसात घेऊन टाकलं आहे. यकृताचं नाव कुणी घेतलं नाही.

त्या दुपारी घर रिकामं होतं. बायकोने माळ्यावरून हळदीचा डबा काढला. मी सोलापूरची पिशवी काढली. चटणी खवट झाली होती, टाकली. भाकरी तशीच होती, कडक, आवाजासकट. तरुण शेजारी नव्हता, म्हणून मोठ्याने मोडली, वाफाळत्या वरणात चुरली, वर तुपाची धार सोडली.

वरण पुन्हा पिवळं झालं होतं आणि डोळे पांढरे. वाक्प्रचारातले नव्हेत, खरोखरचे.