पहिला नंबर, मुक्काम फिलाडेल्फिया

नोकरी सांभाळून ऑनलाइन एमबीए करायचं ठरलं, की न्यू जर्सीतली आपली मंडळी आधी बिझनेस स्कूलना मान्यता देणाऱ्या एएसीएसबी या संस्थेचा शिक्का बघतात; आंब्याच्या पेटीवर 'देवगड' लिहिलंय का बघावं, तसा. मग रँकिंग. टेम्पल विद्यापीठाच्या फॉक्स स्कूलकडे दोन्ही होतं: शिक्काही, आणि २०१५ ते २०१८ सलग चार वर्षं 'यूएस न्यूज'चा पहिला नंबरही. नव्या २५५ विद्यार्थ्यांपैकी झाडून सगळ्यांनी जीमॅटचे गुण दिलेत, असं कॉलेजनं 'यूएस न्यूज'ला कळवलं होतं. दिले होते ५० जणांनी! या बनवाबनवीबद्दल २०२२ मध्ये कॉलेजचे माजी डीन मोशे पोराट यांना १४ महिन्यांची कैद आणि अडीच लाख डॉलर दंड झाला. एमबीएला बिझनेस एथिक्सही शिकवतात म्हणे. बहुधा ऐच्छिक असावा.