घोट्याचा अखत्यार

पायरी चुकून घोटा मुरगळला की आपल्याकडे प्रथम शेजाऱ्यापाजाऱ्यांची सभा भरते, आंबेहळदीचा लेप एकमताने मंजूर होतो आणि सूज टम्म फुगल्यावर प्रकरण हाडवैद्याकडे वर्ग होते. पुढे अस्थिरोगतज्ज्ञ गाठावेत, तर ते केवळ गुडघ्यांचे अधिपती निघतात. पावलात 26 हाडे असूनही त्यांच्या अखत्यारीत त्यांतले एकही येत नाही. वस्तुतः 1992 साली ऑटावातील वैद्यांनी सुटसुटीत दंडक प्रसिद्ध केला, की घोटा दुखत असता चार पावलेही टाकवत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाची मागील कड दाबताच कळ येत असेल, तर क्ष-किरण चित्र काढावे. आमच्या रुग्णालयांनी हा दंडक फारच मनावर घेतलेला दिसतो. कारण लंगडणाऱ्यास केसपेपरासाठी तळमजल्यावर, शिक्क्यासाठी दुसऱ्या मजल्यावर आणि चित्रासाठी मागल्या इमारतीत धाडून ते ही परीक्षा विनामूल्य घेतात.