शिकवता येतं का, ते सोडून बोला

एमएस्सी झालेल्या पोराला सगळ्यात निर्धास्त सल्ला देतात ते निवृत्त प्राध्यापक. "नेट काढ, पीएचडी कर, लाग कॉलेजात." एका दमात करिअर संपलं! नेट सुरू झाली १९८९ साली. सर त्याआधीच चिकटले होते, हे ते सांगत नाहीत. आपणही वयाचा मान राखून विचारत नाही.

पोरगं कामाला लागतं. यूजीसीने २०१८ साली फर्मावलं की जुलै २०२१ पासून विद्यापीठात सहायक प्राध्यापक व्हायला पीएचडी हवीच. मग मुदत वाढली, जुलै २०२३. तो महिना उजाडला आणि आयोगाने जाहीर केलं, नेट-सेट पुरे, पीएचडी ऐच्छिक. दरम्यान ज्यांनी धसक्याने पीएचडीला नाव घातलं, ते गाइडच्या केबिनबाहेर उभे आहेत. फेलोशिप असेल तर महिना ३७ हजारांत उभे, नसेल तर बापाच्या पैशांवर.

पण खरी गंमत पुढेच आहे. पाचवीच्या पोरांना विज्ञान शिकवायचं तर डीएड आणि टीईटी लागते. नववी-दहावीला बीएड. अकरावी-बारावीला एमएस्सीच्या डोक्यावर पुन्हा बीएड. आणि बीएस्सीच्या वर्गावर जायचं असेल तर? शिकवण्याचं प्रशिक्षण शून्य. चार पर्यायांतून बरोबर उत्तर ओळखता आलं की झालात तुम्ही शिकवायला पात्र. विद्यार्थी अठरा वर्षांचा झाला की त्याला आपोआप समजायला लागतं, असा काहीतरी शोध दिल्लीत लागला असावा.

कॉलेजात मुलाखतीला कोणाला बोलवायचं, त्याचाही गुणतक्ता आहे. पीएचडीला २५, नेटला ८, सेटला ५. शिकवण्याच्या अनुभवाला वर्षामागे २, तेही जास्तीत जास्त १०. चांगलं शिकवलं की नुसता फळा पुसला, दोन्हीला भाव एकच. (मुलाखतीच्या खोलीत संस्थाचालकांचा वेगळा तक्ता असतो म्हणतात. तो छापील नसतो.)

हा अनुभव मिळवायचा कुठे? सीएचबीवर, म्हणजे 'क्लॉक अवर बेसिस'वर. तासिकेप्रमाणे पैसे, तेही महिनोन् महिने तुंबलेले. सुट्टीत तासिका नाहीत, म्हणून पैसे नाहीत. मे महिन्यात भूक लागू नये, अशी शासनाची अपेक्षा दिसते. प्रयोगशाळेत ब्युरेट फुटली तर सही सीएचबीवाल्याची, नॅकची समिती आली की फायली त्याच्याच गळ्यात. जूनमध्ये पुन्हा नवा अर्ज, पुन्हा तीच मुलाखत, समोर तीच माणसं; आणि त्यांतला एक जण दरवर्षी विचारतो, "आधी कुठे शिकवत होता?"

कंटाळून काहीजण तारापूर नाहीतर कुरकुंभच्या एमआयडीसीत क्वालिटी कंट्रोलला लागतात. काही लातूरची एसटी धरतात. तिथला क्लासवाला सेटचा निकाल मागत नाही, शोधनिबंध मोजत नाही. हातात खडू देतो, समोर नीटची साठ पोरं बसवतो आणि म्हणतो, "मोल कन्सेप्ट घ्या, वीस मिनिटं." स्वतः मागच्या बाकावर जाऊन बसतो आणि फळ्याकडे न बघता पोरांची तोंडं बघत राहतो. पोरं जांभया द्यायला लागली की उमेदवाराला चहा पाजून वाटेला लावतो.