रांग नसती तर

"रांग नसती तर मी दहा वेळा बसलो असतो!" हे वाक्य मी जन्मात शंभरदा तरी म्हटलं असेन. पहिल्यांदा म्हटलं ते शाळेत असताना. 1989 साली गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झालं आणि वर्गातली निम्मी पोरं तिथे जाऊन येऊन फुशारक्या मारायला लागली. मी वडिलांकडे हट्ट धरला. वडील म्हणाले, "पैसे देऊन उलटं टांगून घ्यायचं? तुझे मास्तर ते फुकट करतात की." शेवटी मालाडच्या मामाने नेलं. मार्व्याहून लाँच, पलीकडे गोराई. मोठ्या पाळण्यापुढची रांग पाहिली आणि मी सुस्कारा टाकत ते वाक्य म्हटलं. मामाने पाठ थोपटली. त्या सुस्काऱ्यात हळहळ किती आणि सुटका किती, हे तेव्हा मलाही कळलं नव्हतं.

पुढे लग्न झालं, मुलं झाली, पण वाक्य बदललं नाही. एका मे महिन्यात एका पार्कात आम्ही सहकुटुंब गेलो (पार्कचं नाव सांगत नाही, दोष त्यांचा नव्हता, मे महिन्याचा होता). रांगेचे लोखंडी दांडे तव्यासारखे तापलेले. पुढे एक काकू एकट्याच उभ्या होत्या म्हणून आम्ही तीच रांग धरली. पाऊण तासाने "आमच्या पुढे आहेत, आमच्या पुढे आहेत" करत काकूंचे अकरा नातेवाईक दांड्यांखालून वाकून आले, शेवटचा तर आईस्क्रीम चाटत. तरीही आम्ही शेवटच्या वळणापर्यंत पोहोचलो होतो. पुढे फक्त दोन खेपा. तेवढ्यात चिरंजीवांना शू लागली. मी इतक्या मोठ्या मनाने रांग सोडली की मागच्या माणसाने माझे आभार मानले. बायकोला मुलीबरोबर पुढे पाठवलं, परत येऊन पिशव्या सांभाळत बाकावर बसलो आणि वाक्य म्हटलं.

यंदा बायकोने ते वाक्य धरूनच ठेवलं. म्हणाली, "मग रांग नसेल तेव्हाच जाऊ या. शोध तू तो दिवस."

मला कुणी काही शोधायला सांगितलं की मी विरघळतो. स्वयंपाकघरातलं कालनिर्णय खिळ्यावरून उतरवलं, लाल पेन घेतलं आणि ओट्याशी बसलो. जयंतराव साळगावकरांनी 1973 साली हे कॅलेंडर काढलं, तेव्हापासून त्यात संकष्टीचा चंद्रोदय मिळतो, भद्रा मिळते, पानाच्या मागे धिरड्याची कृतीही मिळते. पाळण्यापुढे रांग कधी नसते, एवढंच तेवढं मिळत नाही. ते मी भरणार होतो.

मे महिना तर बादच. दिवाळीत सगळ्यांनाच सुट्टी असते, शिवाय आपल्याकडे येणारे पाहुणेही बरोबर न्यावे लागतात. डिसेंबर वरवर शहाणा वाटतो. हवा गार, ऊन कोवळं. पण डिसेंबर म्हणजे शाळेच्या सहली. एका रंगाच्या टोप्या घातलेली तीनशे मुलं, जोड्या करून, पुढे शिट्टीवाले सर आणि मागे "हात सोडू नका रे" म्हणणाऱ्या बाई. अशी एक शाळा आपल्यापुढे लागली की आपला नंबर थेट स्नेहसंमेलनानंतर. नाताळाचा आठवडा तर सगळ्यात गर्दीचा. जानेवारी बरा, पण त्यात 26 तारीख असते आणि ती शुक्रवारी किंवा सोमवारी आली की आख्खी मुंबई घाट चढते आणि आख्खं पुणे घाट उतरतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा. जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी लोणावळ्याला भिजायला निघालेल्या गाड्यांत आपली गाडी अडकली की सहल तिथेच होते. मक्याचं कणीस खायचं आणि परतायचं.

मुहूर्त भल्याभल्यांचा चुकतो. वॉल्ट डिस्नेने कॅलिफोर्नियात अनाहाइमला पहिलं डिस्नेलँड उघडलं ते 17 जुलै 1955 ला, भर उन्हाळ्यात. नुकतंच ओतलेलं डांबर इतकं मऊ की बायकांच्या उंच टाचा त्यात रुतल्या. प्लंबरांचा संप झालेला, त्यामुळे प्यायच्या पाण्याचे नळ अपुरे. खोटी आमंत्रणं दाखवून हजारो माणसं आत घुसली ती वेगळीच. फ्लोरिडाचं पार्क उघडताना मात्र त्याच्या कंपनीने डोकं वापरलं. तारीख धरली 1 ऑक्टोबर 1971. शाळा सुरू, हंगाम थंडावलेला. पहिल्या दिवशी जेमतेम दहा हजारांच्या आसपास माणसं आली. बिचारा वॉल्ट ते बघायला नव्हता, तो 1966 सालीच गेला होता.

म्हणजे शाळा चालू हवी, सुट्टी नको, सण नको, लग्नसराई नको, पाऊस ओसरत आलेला हवा. माझं लाल पेन भाद्रपदावर येऊन थांबलं. अनंतचतुर्दशीला गणपती गेले की घटस्थापनेपर्यंत पंधरा दिवस आपल्याकडे कुणी गाडी घेत नाही, फ्लॅट बघत नाही, मुलगी बघत नाही. पितृपक्ष! त्या पंधरवड्यात रोलरकोस्टरमध्ये बसायला कोण जाईल?

"कोण जाईल म्हणजे काय, कुणी जाऊच नये," आई म्हणाली.

मी युक्तिवाद केला की हे शुभकार्य नाही. नवी वस्तू आणायची नाही, नवं काम सुरू करायचं नाही. नुसतं बसायचं आणि ओरडायचं. आई म्हणाली, गुरुजींना विचार. फोन लावला. गुरुजींनी आधी पार्क म्हणजे नक्की काय ते विचारून घेतलं, मग तिकिटाचा दर विचारला, मग थोडा वेळ गप्प राहिले. म्हणाले, "शास्त्रात या विषयाचा उल्लेख नाही. पण एवढे पैसे देऊन घाबरायचं, यात आनंद कुठे आला? आनंदाचं नसेल तर करायला हरकत नाही."

आईने आणखी दोन अटी घातल्या. एक, वडिलांची तिथी दशमी, ती मंगळवारी येते, ती झाल्याशिवाय कुठेही जायचं नाही. दुसरी, वाटेत देव झाला पाहिजे. दुसरी अट सोपी होती. खोपोलीजवळ महडचा वरदविनायक, पुढे त्याच वाटेवर पालीचा बल्लाळेश्वर आणि दोघांच्या मध्ये इमॅजिका पार्क. दोन अष्टविनायक आणि मध्ये एक रोलरकोस्टर, असा योग महाराष्ट्रात दुसरीकडे नाही. गुरुवार ठरला. मुलांच्या शाळेला चिठ्ठी हवी होती. "घरी श्राद्ध आहे" असं लिहायला आईने साफ नकार दिला, कारण ते मंगळवारी होऊन गेलं होतं. शेवटी "घरगुती कारणास्तव" लिहिलं.

मंगळवारचं एक सांगायलाच हवं, कारण त्याचा पुढे संबंध आहे. खीर, भरड्याचे वडे, अळूचं फतफतं, आमसुलाची चटणी असं सगळं पान वाढून मी गच्चीवर ठेवलं. कावळा येईना. कठड्यावर दोन बसले होते, पण ते पानाकडे अशा नजरेने बघत होते जशी वडिलांची नजर हॉटेलच्या बिलाकडे असायची. पाऊण तास झाला. आई म्हणाली, "त्यांची काहीतरी इच्छा राहिलीय." आम्ही सगळ्यांनी आळीपाळीने हात जोडून वचनं दिली. घराचं कर्ज लवकर फेडीन, मुलीला शास्त्र शाखेलाच घालीन असं नाही, आईला काशीला नेईन. सव्वा तासाने एक आला, वडा चोचीने उलटवून बघितला, खिरीला तोंड लावलं आणि निघून गेला. आईचं समाधान झालं नाही.

गुरुवारी पहाटे चिंचवडहून निघालो. सप्टेंबरातला बोरघाट ज्याने पाहिला नाही त्याने मे महिन्यात घातलेली सगळी वर्षं वाया घालवली आहेत, हे मी आता ठामपणे म्हणतो. उतारांवर सोनकीचा पिवळा गालिचा, कपारीत तेरड्याचा गुलाबी, धबधबे अजून चालू आणि रस्त्यावर ट्रक सोडले तर आम्हीच. महडला दर्शन पाच मिनिटांत. पुजाऱ्यांनी प्रसादाचा नारळ देताना "कुठून आलात?" असं चक्क थांबून विचारलं. पार्कच्या वाहनतळावर गाडी कुठे लावू हे मी तिथल्या माणसाला विचारलं, तर त्याने दोन्ही हात पसरून सगळं मैदानच दाखवलं.

माझी छाती फुगली होती. आत शिरल्यावर प्रत्येक दारातली मुलं-मुली हसून या, या करत होती. बघता बघता आमच्या तीन गोष्टी झाल्या. बायकोने कौतुकाने पाहिलं. मी म्हटलं, "नियोजन." आणि मग मुलगी म्हणाली, "बाबा, आता तुमचा मोठा."

मोठा म्हणजे नायट्रो. साधारण चाळीस मीटर उंच, स्वित्झर्लंडच्या कंपनीने बनवलेला, पाच ठिकाणी माणसाला उलटं करणारा रोलरकोस्टर. त्याच्यापुढे रांगेचे दांडे होते, नागमोडी, इकडून तिकडे आठ वळणं. त्यात कुणीही नव्हतं. माझ्या सवयीप्रमाणे मी दांड्यांमधून रीतसर चालू लागलो. चिरंजीव वाकून दांड्यांखालून सरळ पलीकडे गेले. मी आठही वळणं चालून आलो आणि तरी एकच मिनिट झालं होतं.

मला तेव्हा कळलं. रांग असते म्हणजे विचार करायला वेळ असतो. वरून येणाऱ्या किंकाळ्या ऐकत तास-दीड तासात माणसाला पाठदुखी आठवते, चष्म्याचा नंबर आठवतो, कुणाला तरी शू लागते. रांगेनं माझी पस्तीस वर्षं लाज राखली होती आणि मी मूर्खासारखा लाल पेन घेऊन तिच्याच मुळावर उठलो होतो.

"मी आजीजवळ थांबतो," मी म्हटलं.

"अहो, मी नाही कुणाला खात," आई बाकावरून मला अहो-जाहो करत म्हणाली. ती असं बोलली की समजावं, तिने सगळं ओळखलंय. "जा. रांग नाहीये."

चष्मा काढून दिला, चपला काढल्या, खांद्यावरून जाड पट्टे खाली आले. गाडीत आम्ही मोजून सहा जण. मग आमच्या पायांखालचा फलाट आपोआप बाजूला सरकला आणि पाय नुसते लोंबकळत राहिले. पायाखालची जमीन सरकणे हा वाक्प्रचार मी शाळेत वाक्यात उपयोग करून लिहिला होता. आता त्या वाक्याला पैकीच्या पैकी मिळाले असते. आभाळात ढग होते. वीज चमकली की बाहेरचे असले खेळ थांबवतात, हे मला माहीत होतं. साखळी कटकट करत वर खेचत होती, तोवर मी आजन्म न केलेली वरुणाची आराधना केली. ढग खंडाळ्याच्या बाजूला निघून गेले.

माथ्यावर एक क्षण सगळं थांबतं. तिथून चष्म्याशिवायही सह्याद्री हिरवागार दिसला. याच खोपोलीत 1915 पासून टाटांनी डोंगरावरचं पाणी नळांतून खाली सोडून वीज केली. ते पाणी पडलं आणि मुंबईच्या गिरण्या चालल्या. मी पडून कुणाचा काय फायदा होणार होता? एवढाच विचार पूर्ण झाला. पुढचं मला सलग आठवत नाही. कधी डोंगर वर होता, कधी ढग खाली होते, आणि कुणीतरी सतत "आईऽऽ" म्हणत होतं. त्या माणसाचा आवाज माझ्यासारखा होता.

खाली आल्यावर पट्टे उघडायच्या आधी तिथला मुलगा अगदी आपुलकीने म्हणाला, "सर, मागे कोणी नाहीये. पुन्हा बसायचंय का?"

"दहा वेळा!" मुलं एका सुरात ओरडली. "बाबा नेहमी म्हणतात!"

चार वेळा झालं. पाचव्या वेळी मी चपला हातात घेऊन, बायकोच्या खांद्याचा आधार घेत आईच्या बाकापर्यंत आलो. बायको निमूट होती. तिने फक्त एकदा विचारलं, "आता जानेवारीत बघू या का, सव्वीस तारखेला?" आणि मी तिचा हात घट्ट धरला.

आईने माझ्यासाठी बटाटेवडा आणून ठेवला होता. कागदी ताटलीत, शेजारी हिरवी मिरची. मी त्याच्याकडे नुसतं बघत होतो, पोट अजून तिसऱ्या वळणावर होतं. तेवढ्यात कुंपणावरून एक कावळा उतरला. डावं बघितलं नाही, उजवं बघितलं नाही. टपकन ताटलीवर आला, आख्खा वडा चोचीत धरला आणि नायट्रोच्या रिकाम्या रांगेतल्या पहिल्या दांड्यावर जाऊन बसला.

आई उभीच राहिली. पदराने डोळे टिपले आणि हसायलाही लागली. "बघ," म्हणाली, "आले शेवटी. तिकीट न काढता!"

मग खाली बसून मला म्हणाली, "अरे, अजून एक घेऊन ये. एका वड्यावर कधी भागलंय त्यांचं?"

पलीकडून मुलं हात हलवून "बाबा, सहावी!" म्हणत होती. मी लगबगीने वड्याच्या खिडकीकडे गेलो. तिथे माझ्या पुढे दोन माणसं होती. मी त्यांच्यामागे उभा राहिलो आणि म्हटलं, "सावकाश होऊ द्या. मला घाई नाही."